पाखराच्या गळ्यातले निवडटिपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलाल का, असे आपल्या कार्यवाह बाईंनी मला विचारले. मी होकार दिला आणि विषय सांगितला, तेव्हा त्या क्षणभर गप्पच झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, एखादा घरगुती विषय नाही का सुचत?" कोंबडीच्या मानेतील एक ग्रंथी हा समारंभात बोलावयाचा विषय नव्हे, हे मलाही कळते. निम्म्या भगिनी तर कोंबडीचे नाव काढताच नाकाला पदर लावणाऱ्या आहेत. पण मी हट्ट सोडला नाही. त्याला कारण आहे आणि ते कारण आता तिसऱ्या रांगेत बसलेले आहे. ती माझी धाकटी जाऊ. जे सांगणार आहे ते तिच्या परवानगीने सांगत आहे.

तीन वर्षांपूर्वी तिच्या कामात संथपणा आला. सकाळी ती नेहमीसारखी उठे, चहापाणी करी, पण दुपार कलली की तिच्या पापण्या जड होत. संध्याकाळी वेणी घालायला हात वर केले की ते तसेच खाली येत. भाकरी चावता चावता ती मध्येच थांबे. घरात आम्ही काय म्हटले असेल? जे सगळ्या घरांत म्हणतात तेच. "आळस भरलाय." "जागरण करते, मग दिवसा पेंगते." आणि हे म्हणणाऱ्यांत पहिली मी होते. मी अठ्ठावीस वर्षे शाळेत मुलींना शास्त्र शिकविले, शरीराची रचना फळ्यावर काढून दाखविली, आणि घरातल्या माणसाचे शरीर काय सांगते आहे ते मला ऐकू आले नाही. ही चूक आज चारचौघींत कबूल करावी, एवढ्यासाठीदेखील मी हा विषय घेतला आहे.

शेवटी एका डॉक्टरांनी नीट तपासले. रोगाचे नाव मायास्थेनिया ग्रेव्हिस. आपले शरीर रोगजंतूंशी लढण्यासाठी जी शस्त्रे तयार करते, ज्यांना आपण प्रतिपिंडे म्हणतो, तीच या रोगात घरच्यांवर उलटतात. मज्जातंतूकडून आलेला निरोप स्नायू ज्या जागी घेतो, त्या जागेवरच ती जाऊन बसतात. निरोप निघतो, पण पोहोचत नाही. औषधे सुरू झाली आणि पुढे डॉक्टरांनी सांगितले की छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, ती काढून टाकलेली बरी.

त्या रात्री जाऊ माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "जाऊबाई, ती ग्रंथी लागत असेल तर काढायची कशाला? आणि लागत नसेल तर देवाने दिली कशाला?" मला उत्तर देता आले नाही. आपल्या मराठी विश्वकोशात या ग्रंथीला यौवनलोपी ग्रंथी असे सुंदर नाव आहे. बालपणी मोठी असते आणि तारुण्य आले की झिजत जाते, म्हणून यौवनलोपी. एवढेच मी वर्षानुवर्षे शिकवीत आले होते. ती काय करते, हे मुलींनी कधी विचारले नाही आणि मीही कधी सांगितले नाही. मग मी वाचावयास बसले. जे पुस्तक उघडावे त्यात दोन पाने उलटली की कोंबडी समोर येई!

आणि मला माझी आई आठवली. आमच्याकडे घरी कोंबडी होई तेव्हा आई मान सोलताना दोन्ही बाजूंनी फिकट गुलाबी मण्यांची माळ निघे, ती काढून टाकी. आम्ही पोरी त्याला "कोंबडीची पोत" म्हणत असू. ती पोत म्हणजेच थायमस. माणसात ती छातीत एका जागी असते. कोंबडीत मानेच्या दोन्ही बाजूंना, मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेने, एकेका बाजूस साधारण सात अशा पाकळ्यांत ती पसरलेली असते. लहान पिलात ती चांगली भरदार असते. कोंबडी अंड्यावर आली, वयात आली, की ती सुकू लागते. आईने ती कित्येकदा हातात घेतली असेल, पण ती कशासाठी आहे हे त्या काळी मोठमोठ्या विद्वानांनाही ठाऊक नव्हते.

हे कोडे सुटले त्याची सुरुवातही कोंबडीतच झाली. पक्ष्यांच्या शेपटीकडे, विष्ठेच्या मार्गावर, एक लहानशी पिशवी असते. इटलीतील पाडुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी तिचे वर्णन केले होते आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर 1621 साली छापले गेले. म्हणून ती फॅब्रिसियसची पिशवी. पुढे तीनशेहून अधिक वर्षे ती कशाला आहे हे कोणी सांगू शकले नाही. अमेरिकेत ओहायो येथे ब्रूस ग्लिक नावाचा तरुण विद्यार्थी कोंबडीच्या पिलांतील ही पिशवी काढून काय होते ते पाहत होता. त्याच्या टिमथी चँग या सहाध्यायाला वर्गात प्रतिपिंडे दाखवावयाची होती. त्याने कोंबड्या मागून नेल्या, त्यांना जंतूंची टोचणी दिली, आणि काही कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. पाहतात तो काय, त्या पिशवी काढलेल्या कोंबड्या! वर्गातील प्रयोग फसला आणि शोध लागला. 1956 साली तो लेख छापून आला तो कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात. त्यामुळे वैद्यकातील पुष्कळ मोठ्या मंडळींनी तो काही काळ वाचलाही नाही.

1961 साली लंडनमध्ये जाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. ते उंदीर रोगांना सहज बळी पडू लागले आणि परक्या उंदराच्या कातडीचे ठिगळही निमूटपणे अंगावर वागवू लागले. मोठ्या उंदरांत मात्र ग्रंथी काढूनही काही बिघडल्याचे चटकन दिसत नसे. म्हणूनच तर इतकी वर्षे सगळे फसले होते. मग 1965 साली अमेरिकेत मिनेसोटा येथे मॅक्स कूपर, रेमंड पीटरसन आणि रॉबर्ट गुड यांनी कोंबडीच्या पिलांत दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून पाहिल्या. काही पिलांची पिशवी काढली, काहींची थायमस काढली, आणि अंगात आधीच तयार असलेल्या पेशी क्षकिरणांनी नाहीशा केल्या. पिशवी गेलेल्या पिलांना प्रतिपिंडे करता येईनात. थायमस गेलेल्या पिलांना परकी कातडी परकी म्हणून ओळखता येईना. म्हणजे शरीराच्या रक्षणाचे दोन वेगळे विभाग ठरले. थायमसमध्ये तयार होतात त्या टी पेशी आणि पिशवीत तयार होतात त्या बी पेशी. इंग्रजी नावांची ही आद्याक्षरे. आपल्या शरीरात ती पिशवी नाही. आपल्या बी पेशी हाडांतील मगजात तयार होतात. पण नाव मात्र कोंबडीवरूनच पडले आणि आज जगातल्या प्रत्येक इस्पितळात ते घेतले जाते.

आता मुख्य प्रश्न असा की थायमसमध्ये या टी पेशी येतात कोठून? त्या तेथेच उगवतात की बाहेरून येतात? या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर मिळाले ते एका बाईकडून, म्हणून मला विशेष आनंद. त्या फ्रान्समधील निकोल ल दुआरँ. दोन मुलींची आई, काही वर्षे माध्यमिक शाळेत शास्त्र शिकविणाऱ्या बाई, आणि मग संशोधनात शिरलेल्या. 1969 साली त्यांच्या ध्यानात एक बारीकशी गोष्ट आली. जपानी लावा पक्ष्याच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रात रंग दिल्यावर एक गडद ठिपका दिसतो. कोंबडीच्या पेशीत तसा दिसत नाही. लावा आणि कोंबडी नात्यातली पाखरे, तेव्हा एकाच्या गर्भातला तुकडा दुसऱ्याच्या गर्भात बसविला तर तो वाढतो.

भगिनींनो, याचा उपयोग तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. लग्नकार्यात आपण शेजारणीची पातेली आणतो. सगळी एकसारखी पितळेची. कार्य उरकल्यावर कोणाचे कोणते हे कसे ओळखतो? भांड्यावर नाव घातलेले असते म्हणून. लाव्याच्या प्रत्येक पेशीवर निसर्गानेच नाव घालून ठेवले आहे. ती कोठेही गेली, कितीही वाढली, तरी नाव पुसत नाही.

तेव्हा बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे केले. अंड्याच्या कवचाला लहानशी खिडकी पाडावयाची, सूक्ष्मदर्शकाखाली लाव्याच्या गर्भातील थायमसचा कोवळा अंकुर कोंबडीच्या गर्भात बसवावयाचा, खिडकी बंद करावयाची आणि अंडे पुन्हा उबेत ठेवावयाचे. काही दिवसांनी पाहिले तर ग्रंथीची भिंत, तिचा सांगाडा, लाव्याच्या नावाचा. आणि आतल्या सगळ्या टी पेशी कोंबडीच्या नावाच्या! उलट करून पाहिले तर उलट. 1975 साली हे प्रसिद्ध झाले. ग्रंथी हे घर आहे आणि पेशी बाहेरून रक्तातून तेथे येतात, हे असे डोळ्यांना दिसले.

खुडूक कोंबडी अंड्यावर बसवली की एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येते, हे आपण जाणतो. या एकवीस दिवसांत आत काय चालते पाहा. साधारण साडेसहाव्या दिवशी थायमसचा अंकुर जणू दार उघडतो. त्याच्या भिंतीतून एक रासायनिक हाक निघते आणि गर्भातील मोठ्या धमनीजवळ जन्मलेल्या मूळ पेशी रक्तातून वाहत येऊन आत शिरतात. आठव्या दिवसाच्या सुमारास दार बंद. मग काही दिवस कोणाला प्रवेश नाही. बाराव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास दार पुन्हा उघडते. या खेपेला येणाऱ्या पेशी हाडांच्या मगजातून येतात. अठराव्या दिवसाच्या आसपास तिसरी तुकडी येऊ लागते आणि पिल्लू बाहेर पडण्याच्या वेळेपर्यंत तिची ये-जा चालते. पहिलीची लेकरे कामाला लागून निघून जातात, तोवर दुसरीची तयार होतात. घरात पाहुण्यांच्या पंगती उठाव्यात तसे.

आत आलेल्या पेशीला अजून काही ओळखता येत नाही. आधी तिला हात फुटावा लागतो. त्या हाताचा आकार कसा ठरतो, तर आपली आजी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवी तसा. गुणसूत्रांतले ठराविक तुकडे, पण प्रत्येक पेशी ते वेगळ्या तऱ्हेने जोडते. त्यामुळे एका पेशीचा हात दुसरीसारखा नसतो. कोंबडीत या हातांच्या तीन जाती ओळखल्या आहेत. पहिली जात थायमसमध्ये साधारण बाराव्या दिवशी दिसते, दुसरी पंधराव्या आणि तिसरी अठराव्या दिवसाच्या सुमारास. पहिल्या जातीच्या पेशी ग्रंथीतून लवकर बाहेर पडतात आणि पाणथरीत, आतड्यात जाऊन राहतात. माणसाच्या रक्तात त्या जातीच्या पेशी थोड्या, कोंबडीत मात्र पुष्कळ. बाकीच्या दोन जातींना मात्र आत थांबावे लागते, कारण त्यांचे निवडटिपण व्हावयाचे असते.

आता हा आपल्या हातचा विषय आला. तांदूळ निवडताना आपण दोन कामे करतो. आधी सुपात घेऊन पाखडतो, म्हणजे फोल उडून जाते. मग पसरून खडे वेचतो. थायमसमध्ये नेमके हेच होते. ग्रंथीच्या बाहेरच्या भागात पाखडणे चालते. ज्या पेशीच्या हाताला आपल्या शरीराची खूण धरताच येत नाही, ती फोल. ती तेथेच मरून जाते. जिला खूण हलकेच धरता येते ती पुढे आतल्या भागात जाते. तेथे खडे वेचणे चालते. जी पेशी आपल्याच शरीराच्या खुणेला घट्ट पकडते, जी बाहेर सोडली तर आपलेच घर फोडील, ती खडा. तिलाही बाजूला काढतात. आत आलेल्यांपैकी फार थोड्या पेशी जिवंत बाहेर पडतात. शेरभर तांदूळ घ्यावेत आणि ओंजळभर शिजवावेत, इतकी ही निवड कडक असते.

ल दुआरँ बाईंच्या प्रयोगशाळेतून 1987 साली आणखी एक प्रयोग जाहीर झाला. तो वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. त्यांनी कोंबडीच्या गर्भावर लाव्याच्या पंखाचा अंकुर बसविला. अंडे फुटले आणि लाव्याचा पंख असलेले कोंबडीचे पिल्लू बाहेर आले. थोड्याच दिवसांत पिलाच्या टी पेशी जाग्या झाल्या आणि त्यांनी तो पंख परका म्हणून झिडकारला. पंख सुजला, सुकला. मग त्यांनी दुसऱ्या गर्भांत पंखाच्या जोडीला लाव्याच्या थायमसची भिंतही बसविली. ती पिल्ले मोठी झाली, तरी लाव्याचा पंख त्यांच्या अंगावर आपला म्हणून राहिला! सगळी थायमस लाव्याची असावी लागली असेही नाही. काही पाकळ्या लाव्याच्या आणि काही कोंबडीच्या असल्या तरी पंख टिकला.

याचा अर्थ काय? कोंबडीच्या पाकळ्यांत तर लाव्याला परके मानणाऱ्या पेशी तयार होतच असणार. तरी त्यांनी पंखाला हात लावला नाही. तेव्हा लाव्याच्या पाकळ्यांतून अशा काही पेशी निघत असल्या पाहिजेत की ज्या दुसऱ्यांना आवरून धरतात. घरात चार तापट माणसे असली तरी एक शांत माणूस सगळ्यांना सांभाळते, तसे. अशा आवर घालणाऱ्या टी पेशी पुढे उंदरांत आणि माणसांत नीट ओळखल्या गेल्या आणि त्या कामासाठी 2025 सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेच्या मेरी ब्रंकाऊ व फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले.

ज्या भगिनी दारी कोंबड्या पाळतात त्यांच्यासाठी एक गोष्ट मध्येच सांगते. मारेक नावाचा कोंबड्यांचा रोग आहे. हंगेरीचे पशुवैद्य मारेक यांनी 1907 साली त्याचे वर्णन केले. पिल्लू एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडते. त्याचा विषाणू टी पेशींतच घर करतो आणि त्यांची गाठ, कर्करोग, बनवतो. त्यावरची लस 1970 च्या सुमारास निघाली. ती उबवणी केंद्रातच, पिल्लू एक दिवसाचे असताना, किंवा अंड्यातच अठराव्या दिवशी द्यावयाची असते. तेव्हा पिल्ले विकत घेताना मानमोडीच्या लशीबरोबर ही लस झाली आहे का तेही विचारत जा. आजारी पडल्यावर ती उपयोगाची नाही.

आता माझ्या जावेच्या प्रश्नाकडे येते. ग्रंथी लागत असेल तर काढायची कशाला, लागत नसेल तर दिली कशाला? उत्तर असे, की लागते ती मुख्यतः लहानपणी. तेव्हाच बहुतेक निवडटिपण उरकलेले असते आणि निवडलेले धान्य सगळ्या अंगभर कोठारांत भरलेले असते. पुढे सूप जुने झाले तरी घर उपाशी राहत नाही. आणि काही माणसांत याच जुन्या सुपात बिघाड होतो. खडे वेचण्याऐवजी तेथूनच खडे बाहेर पडू लागतात. मायास्थेनियाच्या पुष्कळ रोग्यांत तसे आढळते, काहींच्या ग्रंथीत गाठही असते. 2016 साली अनेक देशांतील रोग्यांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ठराविक प्रकारच्या रोग्यांत ग्रंथी काढल्याने त्रास कमी झाला आणि औषधही कमी लागले.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2023 साली अमेरिकेतील बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की मोठेपणी थायमस काढलेल्या माणसांत पुढील काही वर्षांत मृत्यूचे आणि कर्करोगाचे प्रमाण, छातीची दुसरी शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा, जास्त आढळले. म्हणजे म्हातारे सूपही अगदीच टाकाऊ नव्हे. कारण असेल तरच काढावे, उगीच नको. हे सगळे मी जावेला सांगितले. दोन्ही बाजू सांगितल्या. तिने डॉक्टरांना पुन्हा चार प्रश्न विचारले आणि मग आपला निर्णय आपण घेतला. शस्त्रक्रियेला आता दीड वर्ष झाले. आजार समूळ गेलेला नाही. गोळ्या चालू आहेत आणि उन्हाळ्यात अजून थकवा येतो. पण आज सकाळी तिने आपली वेणी आपण घातली आणि त्यावर माळलेला गजरा तुम्हा सर्वांना दिसतोच आहे.

भगिनींनो, मी डॉक्टर नाही. कोणी काय उपचार घ्यावेत हे मी सांगणार नाही. एवढेच सांगते की तुमच्या घरात कोणाच्या पापण्या दिवस कलताना जड होत असतील, घास चावताना जबडा थकत असेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर तिला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरांकडे न्या. मी उशीर केला. तुम्ही करू नका.

   चहा तयार असल्याची खूण स्वयंपाकघरातून केव्हाचीच झाली आहे.